घराचा गारवा : पाणचक्कीपासून वसईपर्यंत

मुंबईच्या उत्तरेस, वसई रोड स्टेशनाच्या पूर्वेकडे एव्हरशाईन सिटी या नांवाची एक मोठी वसाहत आहे. वसई म्हटलें कीं चिमाजीआप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला, नारळी-केळींच्या वाड्या आणि मिठागरें एवढेंच चित्र एके काळीं डोळ्यांपुढें उभें राही. आज त्या प्रदेशांत २००९ सालीं स्थापन झालेली वसई-विरार महानगरपालिका आहे; २०१४ सालापासून तो नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतो; आणि २०११ च्या खानेसुमारींतच या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. वाड्यांच्या जागीं इमारती आल्या आणि कौलांच्या जागीं सिमेंटकाँक्रीटचा स्लॅब आला. या स्थित्यंतराचे परिणाम अनेक आहेत. त्यांपैकीं एकाविषयीं, परंतु घरोघरीं भोगाव्या लागणाऱ्या परिणामाविषयीं, मी आज बोलणार आहें. तो परिणाम म्हणजे घरांतला उकाडा.

वैशाखांतली एखादी रात्र आणि अशा एखाद्या इमारतीचा सर्वांत वरचा मजला कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. सूर्य मावळून तीन तास झालेले आहेत. खिडक्या सताड उघड्या आहेत, पंखा पूर्ण वेगानें फिरत आहे, तरी अंगाची काहिली थांबत नाहीं. त्याच वेळीं, त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत माणसें बऱ्यापैकीं झोपीं गेलेलीं असतात. बाहेरची हवा दोघांना सारखीच. मग फरक कशाचा? फरक छताचा. वरच्या बिऱ्हाडाचें छत म्हणजेच इमारतीची गच्ची. दिवसभर तिनें ऊन प्यालेलें असतें. उन्हांतल्या काँक्रीटचें उष्णतामान पन्नास अंशांच्या वर सहज जातें. पण ती उष्णता स्लॅबच्या जाडींतून खालीं पोंचावयास कांहीं तास लागतात. तिसऱ्या प्रहरीं घेतलेलें ऊन स्लॅब रात्रीच्या पहिल्या प्रहरीं खालच्या माणसांना परत करूं लागतो. म्हणजे कोणीं न मागतां, कोणाला एक पैसाहि न देतां, त्या घराच्या माथ्यावर उष्णतेची एक भली मोठी शेगडी बसविली गेलेली असते.

छतानें जर असा ताप देतां येतो, तर छताकडून गारवाहि घेतां येईल काय? हा प्रश्न विजेच्या युगांतला वाटतो, परंतु त्याचा इतिहास फार जुना आहे, आणि त्यांतलें एक महत्त्वाचें पान आपल्या महाराष्ट्रांतच लिहिलें गेलें आहे. तो इतिहास सांगण्यापूर्वीं एक लहानसें तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे.

माणसाचें शरीर स्वस्थ बसलें असतांहि साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतें. ती बाहेर पडली नाहीं तर जीव कासावीस होतो. तिला वाटा मुख्यतः तीन. एक, अंगाला लागून वाहणारी हवा. दुसरी, घामाचें वाळणें. आणि तिसरी, जिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें ती, किरणांची. आपल्या त्वचेकडून भोंवतालच्या भिंती, जमीन आणि छत यांकडे उष्णतेचे अदृश्य किरण अखंड जात असतात, आणि त्यांच्याकडून आपल्याकडे येतहि असतात. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें सूर्यप्रकाशांतल्या तांबड्या रंगापलीकडे थर्मामीटर ठेवून असे अदृश्य किरण असल्याचें प्रथम दाखवून दिलें. साध्या खोलींत, वारा नसतांना, शरीराची निम्म्याच्या आसपास उष्णता या तिसऱ्या वाटेनें जाते. शेकोटीपुढें बसलें असतां तोंड भाजतें आणि पाठ गारठते, याचें कारण हेंच. हवा तर पुढेंमागें सारखीच असते. दगडी देवळाच्या गाभाऱ्यांत शिरतांच जो थंडावा वाटतो, त्याचाहि मोठा वाटा तेथील थंड दगडाचाच असतो. तेव्हां घर सुखाचें कीं दुःखाचें, हें तेथल्या हवेवर जितकें अवलंबून आहे, जवळजवळ तितकेंच तें तेथल्या पृष्ठभागांवरहि अवलंबून आहे.

हें तत्त्व शास्त्रज्ञांनीं सांगण्याच्या कितीतरी आधीं गवंड्यांना ठाऊक होतें. थंड देशांत त्याचा उपयोग प्रथम ऊब मिळविण्याकडे झाला. रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचलून धरीत आणि खालच्या पोकळींतून भट्टीचा धूर व गरम हवा फिरवीत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतल्या व्हिट्रुव्हियस या शिल्पज्ञानें आपल्या ग्रंथांत या खांबांची उंची दोन फूट असावी असें सांगितलें आहे. कोरियांत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन मग बाहेर सोडण्याची रीत शेंकडों वर्षें चालत आली; तिला तेथें ओंडोल म्हणतात. आपल्याकडे काश्मिरांत मशिदींतून व मोठ्या घरांतून जे हमाम असतात, त्यांतहि दगडी फरशीखालीं लांकडें पेटवितात, आणि हिंवाळ्यांत माणसें त्या फरशीवर येऊन बसतात. या सर्व योजनांत एक सोय होती. गरम पृष्ठभाग कोरडा राहतो. त्याच्यापासून उपद्रव असा फारसा होत नाहीं. पृष्ठभाग थंड करावयाचा म्हटला कीं मात्र वेगळीच अडचण उभी राहते. ती अडचण पुढें येईलच.

गारव्यासाठीं हेंच तत्त्व आपल्या दख्खनमध्यें वापरलें गेलें. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हें शहर मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी या नांवानें वसविलें, आणि डोंगराकडचें पाणी जमिनीखालच्या नहरींनीं शहरांत आणण्याची तेथील परंपराहि त्याच्यापासूनच चालत आली. त्याच परंपरेंतली एक नहर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत येते. कित्येक मैल दूर असलेल्या झऱ्याचें पाणी मातीच्या खापरी नळांतून येथें येतें, भिंतीवर चढतें आणि तेथून हौदांत कोसळतें. त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरे आणि दर्ग्याच्या आश्रयास असलेल्या माणसांचें दळण होई. म्हणून या स्थळास पाणचक्की हें नांव पडलें. प्रवासी ती चक्की पाहतात, धबधबा पाहतात आणि परत जातात. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें पाहण्याजोगी वस्तु त्या हौदाच्या खालीं आहे. त्या विस्तीर्ण हौदाचा तळ हेंच खालच्या एका मोठ्या दालनाचें छत आहे. जाडजूड खांबांनीं तें तोलून धरलेलें आहे, आणि मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यांतहि तें दालन थंड राहतें.

तें कां थंड राहतें, हें आतां सहज उमगेल. वरचें ऊन पाण्यावर पडतें. तें दालनाच्या छतापर्यंत पोंचण्यापूर्वींच पाण्याच्या थरांत अडतें. झऱ्याकडून नवें पाणी येत राहतें आणि तापलेलें पुढें वाहून जातें. शिवाय कोरड्या हवेंत पाण्याची वाफ भराभर होते आणि ती वाफ होतांना उरलेलें पाणी निवतें. असा तीन बाजूंनीं राखलेला गारवा दगडांत उतरतो, आणि दालनांत बसलेल्या माणसाच्या अंगांतली उष्णता किरणांच्या वाटेनें त्या दगडाकडे निघून जाते. पंखा नाहीं, यंत्र नाहीं. छतांतलें पाणीच काय तें काम करतें. आज परदेशांतले इंजिनियर स्लॅबमध्यें नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी फिरवितात, त्याचें हें जुनें, दगडी रूप होय.

पाण्याच्या साहाय्यानें घर निवविण्याची कल्पना दख्खनच्या राज्यकर्त्यांना नवी नव्हती. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, निजामशाहींत १५८३ सालीं पुरा झालेला फराहबाग हा अष्टकोनी महाल मुद्दाम एका मोठ्या तलावाच्या मध्यभागीं बांधला होता. परंतु तेथें पाणी हवेला गार करी, आणि हवा माणसाला. पाणचक्कींत पाणी दगडाला गार करतें, आणि दगड माणसाला. सामान्य घरांतूनहि पहिला मार्ग सर्वत्र चालू होता. विदर्भ-खानदेशांत दारांना लावलेले वाळ्याचे ताटे, त्यांवर घातलेलें पाणी आणि त्यांतून येणारी सुगंधी झुळूक यांचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे, त्यांना तो अधिक सांगावयास नको.

आतां कोणी म्हणेल कीं, असेंच एखादें दालन वसईस बांधलें तर काय बिघडलें? येथेंच ती अडचण आडवी येते. वाळ्याचा ताटा कोंकणांत निरुपयोगी ठरतो. नागपुरास जो माठ पाणी बर्फासारखें करतो, तो वसईस आणला तर पाणी जेमतेम निवतें. कारण कोंकणची हवा आधींच पाण्यानें भरलेली असते. ती आणखी वाफ घेण्यास तयार नसते. आणि याहूनहि मोठी अडचण निराळीच आहे. फ्रीजमधल्या पाण्यानें भरलेला तांब्या वैशाखांत ओट्यावर ठेवला कीं पांच मिनिटांत त्याला बाहेरून घाम फुटतो. तें पाणी तांब्यांतून पाझरलेलें नसतें. तें हवेंतलें असतें. हवा कांहीं एका मर्यादेखालीं थंड झाली कीं तिला आपल्यांतली वाफ धरून ठेवतां येत नाहीं. त्या मर्यादेस दंवबिंदु म्हणतात.

या दंवबिंदूंतच देश आणि कोंकण यांच्यांतला सारा फरक सांठलेला आहे. उन्हाळ्याच्या दुपारीं औरंगाबादेस हवा ३८ अंश आणि तिची आर्द्रता शेंकडा २० धरली, तर तिचा दंवबिंदु ११ अंशांच्या आसपास येतो. पाणचक्कीचें छत पंचवीस अंशांवर असो वा वीस अंशांवर, त्याला घाम फुटण्याचें भयच नाहीं. वसईस हवा ३३ अंश आणि आर्द्रता शेंकडा ६५ धरली, तर दंवबिंदु २५ ते २६ अंशांवर जातो. म्हणजे वीस अंशांचें छत केलें तर तें प्रथम ओलें होईल, मग त्यावरून थेंब ठिबकूं लागतील, आणि महिन्याभरांत त्यावर काळी बुरशी धरेल. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तळमजल्याची गार फरशी आपोआप ओली होते, हें कोंकणांतल्या गृहिणींस चांगलें ठाऊक आहे. आपण थंड नळ्या घातल्या तर तोच प्रकार बारा महिने डोक्यावर घडेल.

थंडाव्याच्या यंत्राचा इतिहासहि खरोखर हवेंतल्या ओलाव्यापासूनच सुरू झाला, ही गोष्ट फारशी प्रसिद्ध नाहीं. १९०२ सालीं विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनियरानें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतल्या एका छापखान्यासाठीं आपली योजना तयार केली, ती माणसांना गार करण्यासाठीं नव्हे. दमट हवेंत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे, ही छापखान्याची तक्रार होती. कॅरिअरनें थंड नळ्यांवरून हवा नेली, तिच्यांतला ओलावा नळ्यांवरच गाळला आणि कोरडी हवा छापखान्यांत सोडली. तेथून हें यंत्र नाटकगृहांत, सिनेमागृहांत आणि कचेऱ्यांत शिरलें. मुंबईचें रीगल सिनेमागृह १९३३ सालीं उघडलें तें वातानुकूलित म्हणूनच गाजलें. आज आपल्या खिडकीशीं जो एसी असतो, तो दोन कामें एकाच वेळीं करतो : हवा गार करणें आणि ओलावा गाळणें. त्याची जी नळी गॅलरींत टिपटिपत असते, ती दुसऱ्या कामाची साक्ष होय.

मग यंत्राच्या आधींच्या काळीं वसईची माणसें उन्हाळा कसा काढीत? तीं पृष्ठभाग थंड करण्याच्या नादीं लागत नसत. तो तापूंच नये एवढीच खबरदारी घेत. उतरत्या कौलारू छपराच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. छपराखालीं माळा असे. तापलेल्या कौलांचे किरण माळ्यावरच अडत आणि खालच्या माजघरांत बसलेल्यांपर्यंत पोंचत नसत. चारी बाजूंच्या पडव्यांमुळें भिंतींना ऊन लागत नसे. अंगणांत मांडव असे, आणि सारवलेली जमीन खालच्या मातीच्या आधारानें निवलेली राही. अर्थात् जुनें तें सारें सोनें होतें असें मला म्हणावयाचें नाहीं. तें छपर दरवर्षीं शाकारावें लागे, पावसांत गळे, आणि मुख्य म्हणजे त्या प्रकारचीं घरें एकावर एक रचून बारा लाख माणसांची सोय लावतां येत नाहीं. परंतु त्या घराच्या रचनेंत एक निश्चित विचार होता, आणि उघड्या स्लॅबचें घर बांधतांना आपण तो टाकून दिला.

इकडे पाश्चात्य देशांत जुन्या रोमन पोकळीची जागा नळांनीं घेतली. १९०७ च्या सुमारास इंग्लंडांत प्रोफेसर बार्कर यांनीं भिंतींत व छतांत बारीक नळ्या बसवून त्यांतून गरम पाणी फिरविण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें. अमेरिकेचे विख्यात वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट हे टोकियोंत बॅरन ओकुरा यांच्या घरीं गेले असतां तेथें त्यांना एका कोरियन पद्धतीच्या खोलींत बसावयास मिळालें. जमिनींतून येणाऱ्या त्या उबेनें ते इतके संतुष्ट झाले कीं, पुढें १९३७ सालीं मॅडिसन येथें जेकब्स कुटुंबासाठीं त्यांनीं जें साधें घर बांधलें, त्याच्या काँक्रीटच्या जमिनीखालीं त्यांनीं नळ घातले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन येथें परतलेल्या सैनिकांसाठीं हजारों घरें भराभर उठलीं, त्यांच्या स्लॅबमध्येंहि तांब्याच्या नळ्या होत्या. कांहीं वर्षांनीं त्या नळ्या काँक्रीटमध्यें कुजून गळूं लागल्या आणि पुष्कळांनीं त्या बंद करून टाकल्या. जी वस्तु स्लॅबच्या पोटांत पुरावयाची, ती स्लॅबइतकी टिकाऊ असली पाहिजे, हा धडा जगाला तेथें मिळाला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनींत थॉमस एंगेल यांनीं विशेष प्रक्रियेनें कठीण केलेल्या पॉलिथिलीनची नळी तयार केली, तेव्हां कोठें या पद्धतीस पुन्हा विश्वासाचें स्थान मिळालें.

उंच इमारतींचा इतिहास याहून थोडा वेगळा आहे. पिट्सबर्ग शहरांत १९५३ सालीं ॲल्युमिनियम बनविणाऱ्या अल्कोआ कंपनीची तीस मजली, ४१० फूट उंच कचेरी पुरी झाली. तिच्या छतांतून पाणी फिरवून हिंवाळ्यांत ऊब व उन्हाळ्यांत गारवा देण्याची योजना होती. उंच इमारतीला ही पद्धति कां रुचावी, याचें कारण सोपें आहे. एका आकारमानाचें पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षां सुमारें साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतें. जें काम करावयास हवेला पेटीएवढा रुंद मार्ग लागतो, तें पाणी बोटाएवढ्या नळींतून करतें. प्रत्येक मजल्याच्या छतांत हवेच्या मार्गासाठीं जी फूट-दीड फूट उंची खर्चीं पडते, ती वांचली तर तीस मजल्यांत किती वांचली याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

तरीहि ही पद्धति चोहोंकडे पसरली नाहीं. युरोपांत छतें गार करण्याचे जे आरंभींचे प्रयोग झाले, त्यांत पुष्कळ ठिकाणीं छताला घाम फुटला, आणि पद्धतीचें नांव खराब झालें. त्यावरचा उपाय हळूहळू सांपडला. तो असा कीं, एसी जीं दोन कामें एकत्र करतो, तीं वेगळीं करावीं. घरांतली बहुतेक उष्णता छतांतल्या किंवा जमिनींतल्या पाण्यानें न्यावी. आणि श्वासोच्छ्वासापुरती थोडी बाहेरची हवा घेऊन, तिच्यांतला ओलावा निराळ्या यंत्रांत गाळून, ती कोरडी करून आंत सोडावी. आंतली हवा २५ अंश आणि शेंकडा ५० आर्द्रतेवर राखली कीं तिचा दंवबिंदु १४ अंशांच्या जवळ येतो. मग वीस अंशांच्या छताला कसलेंच भय उरत नाहीं. कॅरिअरचें कोरडें करण्याचें काम आणि पाणचक्कीचें निवविण्याचें काम यांची ही सोयरीकच म्हणावयाची.

ही सोयरीक दमट देशांतहि नांदूं शकते, हें गेल्या वीस वर्षांत सिद्ध झालें आहे. बँकॉकचा सुवर्णभूमि विमानतळ २००६ सालीं सुरू झाला. तेथील हवा आपल्या किनाऱ्यासारखीच ओली आहे, आणि तरीहि तेथल्या प्रचंड दालनांच्या फरशीखालून थंड पाणी फिरतें. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरांतला ७१ मजली पर्ल रिव्हर मनोरा छतांतल्या थंड पाण्यानें निवतो. आपल्या देशांतलें सर्वांत बोधप्रद उदाहरण हैदराबादेजवळ पोचारम येथें आहे. पुण्यांत १९८१ सालीं जन्मलेल्या इन्फोसिस कंपनीनें तेथें एका मोठ्या कचेरीचे दोन सारखे भाग केले. एका भागांत नेहमीच्या पद्धतीचें, पण उत्तम प्रतीचें वातानुकूलन ठेवलें; दुसऱ्या भागाच्या स्लॅबमध्यें नळ्या घातल्या. २०११ पासून दोन्ही भागांच्या विजेचा हिशेब शेजारीं शेजारीं मांडला गेला, तेव्हां स्लॅबच्या भागास थंडाव्यासाठीं सुमारें एकतृतीयांश वीज कमी लागल्याचें दिसून आलें. आणि उभारणीचा खर्चहि जवळजवळ सारखाच आला होता.

मग एव्हरशाईन सिटीसारख्या ठिकाणीं उद्यां उठणाऱ्या मनोऱ्यांत ही योजना करावी काय? येथें कचेरी आणि घर यांतला भेद विसरून चालणार नाहीं. कचेरींत खिडक्या बंद असतात आणि सर्वांचा एकच मालक असतो. घरांत खिडकी उघडी असते. कुकरच्या शिट्ट्या होतात. पावसाळ्यांत ओले कपडे दोरीवर आंतच वाळत असतात. बाहेरची २६ अंश दंवबिंदूची हवा आंत आली कीं थंड छताला घाम फुटावयास वेळ लागत नाहीं. खिडकी उघडतांच नळींतलें पाणी आपोआप बंद करणारी व्यवस्था असते, परंतु ती वर्षानुवर्षें नीट राखणें हें सोसायटीच्या व्यवस्थापनाचें काम आहे. उंचीचाहि प्रश्न आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागें दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. सत्तर मीटर उंच इमारतींत तळच्या नळ्यांवर सात वातावरणांचा भार येतो, म्हणून पाण्याचे फेरे मजल्यांच्या गटांत तोडावे लागतात. छताला भोंक पाडून झुंबर टांगणें किंवा प्लास्टरची शोभेची छतपट्टी लावून छत झांकून टाकणें, या दोन्ही हौशी सोडाव्या लागतात. पहिलीनें नळी फुटते, दुसरीनें किरण अडतात. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, नळ्या घालावयाच्या त्या स्लॅब ओतण्यापूर्वीं, लोखंडी सळ्यांना बांधून. तो दिवस एकदा टळला कीं मग पन्नास-साठ वर्षें नुसती चर्चाच करावयाची उरते.

म्हणून माझ्या मतें कोंकण किनाऱ्यावर या इतिहासाचा बोध पायरीपायरीनें घ्यावा. पहिली पायरी माळ्याची : गच्चीला ऊन लागूं न देणें. पांढऱ्या चायना मोझेकचा थर, सूर्यशक्तीच्या तावदानांची सावली, किंवा उष्णता अडविणारा जाड थर, यांपैकीं कांहींहि केलें तरी वरच्या बिऱ्हाडाची शेगडी विझते. त्यास नवा स्लॅबहि लागत नाहीं. दुसरी पायरी पाणचक्कीची. वरच्या स्लॅबमध्यें नळ्या घालून त्यांतून बर्फासारखें पाणी न फिरवितां, इमारतीच्या जमिनीखालच्या टाकींतलें साधेंच पाणी दिवसां फिरवावें. असें पाणी वैशाखांतहि दंवबिंदूच्या खालीं जात नाहीं; त्यामुळें घामाचा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि चाळीस अंशांकडे झुकणारें छत तिशीच्या जवळ आणतां येतें. साधें गणित करून पाहावें. पांचशें चौरस मीटरांची गच्ची, दर चौरस मीटरास तीस वॉट उष्णता आणि आठ तासांचें ऊन धरलें, तर एकूण उष्णता १२० युनिट होते. टाकींत एक लाख लिटर पाणी असलें तर तें एवढ्या उष्णतेनें जेमतेम एका अंशानें तापेल. पाण्याची टंचाई ज्या भागाच्या पांचवीला पुजलेली, तेथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या फेऱ्यांत पाण्याचा एक थेंबहि खर्च होत नाहीं. तेंच पाणी पुढें घरांतल्या नळांना जातें. तिसरी पायरी, म्हणजे खरोखर थंड पाणी आणि वेगळी कोरडी हवा, ही तिच्यापुढची. ज्या सोसायटीला खिडक्यांची शिस्त आणि यंत्राची निगा झेपेल, तिनेंच ती चढावी.

वसईच्या पूर्वेकडील कित्येक जुन्या इमारती आतां पुनर्बांधणीच्या वयाला येऊं लागल्या आहेत. अशा वेळीं सभासदांच्या सभेंत चटईक्षेत्र किती वाढेल, गाडीला जागा किती मिळेल, लिफ्ट किती असतील यांची चर्चा तासन् तास चालते. स्लॅबमध्यें काय असावें आणि गच्चीवर काय असावें, हा प्रश्न त्याच सभेंत निघावयास हवा. कारण नंतर प्रत्येक बिऱ्हाड आपापला एसी लावतें, त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकींत सोडतें, आणि ज्याला वीज परवडत नाहीं त्याच्या वांट्याला सर्वांचा उकाडा येतो. पाणचक्कीच्या त्या दालनांत दर्ग्याचा फकीर आणि वाटसरू यांना एकच छत सारखाच गारवा देई. सामाईक छताखालीं राहावयाचें ठरविल्यावर, त्याचा ताप कीं गारवा आपल्या माथीं घ्यावयाचा, हेंहि सर्वांनीं मिळून, आणि काँक्रीट ओतण्याच्या आधीं, ठरविलेलें बरें.